दाजी, आवाज पाठवू नका

शिरूर कासार, शुक्रवार ८ मार्च

दाजी,

रामराम घ्या. घ्यायचा नसला तरी कागद लगेच फाडू नका. आधी वाचा, मग चूल पेटवायला वापरा.

फोनवर तुम्ही मला दिवाळीपासून बंद करून ठेवलंय, म्हणून आसाराम ड्रायव्हरच्या हाती हे पाठवतोय. तो उद्या तुमच्याच कारखान्यावर, तुमच्या पाचटाच्या कोप्या आहेत तिथं, ट्रक नेतोय. म्हणाला, "त्रिंबकच्या कोपीत नेऊन टाकतो बे, पर जवाब आणायचं माझ्यावर न्हाई. त्याचं डोकं लई तापलेलं हाय."

तापणारच. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. अक्का आली नाही, म्हणून मुकादमानं तुम्हाला अर्धा कोयता धरला आणि टोळीतली पोरं तुम्हाला 'अर्ध्या' म्हणून हाक मारतात, हे इथवर आलंय. त्याचा राग तुम्ही माझ्यावर धरलात. आता डेरीवर जागा आहे हे अक्काला मीच सांगितलं, जुना फोन मीच आणून दिला, व्हिडिओवर हातानं कसं बोलायचं तेही मीच दाखवलं, हे सगळं कबूल. पण उसाला यायचं नाही हे तिचं तिनं ठरवलं. तुमच्यासमोर उभी राहून छातीवर हात ठेवून 'मी' आणि मग जमिनीकडं बोट दाखवून 'इथंच' म्हणाली. तुम्ही तिचं हातांचं बोलणं सासरच्या सगळ्यांत आधी शिकलेला माणूस, तुम्हाला ते कळलं नाही असं होणार नाही. मी तेव्हा ओट्यावर शेंगा खात होतो, मला मध्ये घेऊ नका.

बरं, विचारायचं ते विचारतो.

डेरीचा चेअरमन विठ्ठलराव गावभर सांगत फिरतोय की त्रिंबकनं स्वतः कळवलंय, माझ्या बायकोला डेरीवरून मोकळी करा. दाजी, हे खरं आहे का?

मी तर तोंडावर म्हणालो, खोटं असणार. तो हसला. "गहिनीनाथ, तू दोन दिसाचा पाव्हना. तुला कावून एवढी काळजी?"

पाहुणा तर आहेच. दोन दिवसांसाठी आलतो, अजून इथंच आहे. इथून पुण्याला जायचं होतं, तिथं एका पोरानं टेम्पोवर लावतो म्हणून सांगितलंय. पण सतरा तारखेला, रविवारी, दूध सोसायटीची सभा आहे आणि त्यात डेरीच्या दूध केंद्रावर कोण राहणार ते ठरणार आहे. एक तर अक्का, नाही तर चेअरमनचा पुतण्या बद्रीनाथ. आधी तिथं बद्रीनाथच होता. तो बीडला काहीतरी धंदा करायला गेला तेव्हा अक्काला घेतलं, आता धंदा बुडाला तर त्याला जागा परत पाहिजे.

तुम्ही गेल्यापासून केंद्र पाहिलं नसेल. बद्रीनाथ असताना दुधाचा भाव ठरवणाऱ्या फॅट मशीनचं तोंड त्याच्याकडं असायचं. तो आकडा तोंडानं सांगायचा, दूध घालणारीनं मान हलवायची. अक्काला आकडा तोंडानं सांगता येत नाही. म्हणून तिनं पहिल्याच दिवशी मशीन उचलून उलटं फिरवलं. आता आकडा बाईला आधी दिसतो, मग अक्काला. दाराची घंटी काढून आत दिवा लावलाय. बटण दाबलं की आत दिवा पेटतो आणि अक्का बाहेर येते. एवढाच बदल. पण तेव्हापासून बायका कॅन घेऊन जरा ताठ चालतात. आणि चेअरमनच्या पोटात तेव्हापासूनच दुखतंय, असं मला वाटतं. मला काय, मला पुष्कळ वाटतं.

नसेल कळवलं तर आसारामजवळ तेवढंच सांगा. कळवलं असेल तर... तरी सांगा.

काल जनावरांच्या चारा छावणीत एक मेंढपाळ भेटला, त्याच्या काठीला आरसा बांधलेला होता. कावून विचारलं तर त्याचं मोठं लांबण निघालं. ते भेटल्यावर सांगतो.

तुमचा
गहिनीनाथ

&nbsp;

माजलगाव, मंगळवार १२ मार्च, टँकरच्या सीटवर

दाजी,

अक्षर हलतंय ते टँकरमुळं. भीतीमुळं नाही.

मी माजलगावला आहे. अक्काला सांगून आलोय असंच समजा. पाण्याच्या टँकरचा क्लिनर आजारी पडला, ड्रायव्हर म्हणाला एक खेप मारून येऊ, मी म्हणलं चला, धरण तरी बघू. एका खेपेच्या किती खेपा झाल्या ते विचारू नका. धरणात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. चिखल वाळून त्याच्या भाकरी झाल्यात, आणि मधल्या डबक्याभोवती मोटारींचे पाइप असे पसरलेत की वाटावं विहिरीत पडलेल्या माणसाला दहा जण दोर टाकतायत. तरी कालव्याच्या कडेला ऊस हिरवा आहे. आपल्याकडं प्यायला नाही आणि तिथं ऊस डुलतोय. तुम्ही तोडताय तोही असाच हिरवा आहे का?

सांगायचं हे की आसाराम काल हमरस्त्यावर भेटला. मी टँकरमधून उडी मारून त्याला आडवा झालो.

"दिलं का पत्र?"

"दिलं."

"वाचलं का?"

"दोनदा वाचलं. मंग घडी घालून टोपीत ठिवलं."

"आणि काय म्हणाले?"

"काय न्हाई. म्हशीचं इचारलं. याली का म्हनून."

म्हणजे म्हशीचं विचारलं, बायकोचं, केसरचं नाही. दाजी, मी रात्रभर हेच घोळवत बसलो. ज्यानं काही कळवलेलं नाही तो माणूस शिवी देऊन का होईना, नाही म्हणतो. तुम्ही म्हैस काढलीत.

म्हैस अजून व्याली नाही. छावणीत आहे. अक्का रोज दोनदा जाते. चारा आला, पाणी आलं की तिथं भोंग्यावर पुकारतात. अक्काला ते कळायची सोय नाही, मग ती बाकीच्या जनावरांकडं बघत उभी राहते. टँकरचा हॉर्न वाजला की सगळी जनावरं एकदम माना वर करतात. ती मान बघूनच बादली उचलते. मी हे पाहून हसलो तर तिनं मला सांगितलं, "माणसांचंही असंच असतं. आवाज कुठून आला ते त्यांच्या मानेवरून कळतं." हे लक्षात ठेवा. मी तर विसरून जाईन.

रविवारच्या आत परत पोचायचंय. टायर पंक्चर झालंय. ड्रायव्हर म्हणतो होऊन जाईल. तो असं म्हणाला की माझा विश्वास उडतो, कारण मीही कायम असंच म्हणत आलोय. सभेत कोण काय बोललं ते अक्काला हातानं सांगायला मीच आहे. मी पोचलो नाही तर ती नुसती तोंडं बघत बसेल.

गहिनीनाथ

&nbsp;

शिरूर कासार, शनिवार १६ मार्च

दाजी,

पोचलो. आज सकाळी. उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवरून, मग एका लग्नाच्या जीपमधून, मग पायी.

अक्कानं मला बघितलं आणि तळहातावर दोन बोटं चालवली. हे माझं नाव. तुम्हाला माहीतच आहे, तुमचं नाव कानावर बिडी. पण आज तिनं ती दोन बोटं चालवत चालवत तळहाताच्या कडेवरून खाली पाडली. मी पाया पडायला वाकलो तर पाठीत धपाटा घातला. मग भाकर वाढली.

ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. म्हणजे तुमच्या लक्षात असेल, संध्याकाळी ती दाराशी गप्प बसायची आणि आई म्हणायची, गुणी लेक, गप्प असते. आता संध्याकाळी फोन भिंतीला टेकवून बीडच्या मूकबधिर शाळेतल्या मैत्रिणींशी बोलायला बसते. हात असे उडतात की कोंबड्या लांब जाऊन बसतात. हसते तर शेजारची वत्सलाबाई डोकावते, काय झालं म्हणून. एवढी बडबडी बाई मी दुसरी पाहिली नाही. ही इतकी वर्षं कुणाशी बोलत होती, दाजी? तुमच्याशी आणि माझ्याशी. आणि आपल्याला येऊन येऊन येतं किती, भाकर, पाणी, म्हैस, चल, थांब.

त्या मैत्रिणींनीच पुण्याच्या एका बाईंची गाठ घालून दिली. सभा चालू असताना त्या व्हिडिओवर राहणार, मी फोन माणसांच्या तोंडापाशी धरायचा, त्या ऐकून अक्काला तिच्या भाषेत सांगणार आणि अक्का हातानं बोलली की त्या आवाजानं सांगणार. अक्काला ऐकू येत नाही म्हणून तिला बाजूला ठेवता येत नाही, तसा कायदाच आहे, असंही त्यांनी सांगितलं. मी मनात म्हणलं, सुटलो.

पण दुपारी निरोप आला. सभा मारुतीच्या पारावर नाही, छावणीतल्या मांडवात. छावणी खोलगट माळावर आहे, तिथं फोनला रेंज नाही हे बारक्या पोराला माहीत आहे. चेअरमनला माहीत नसेल?

म्हणजे परत मीच.

अक्कानं मला समोर बसवलं. मग सावकाश सांगितलं, मला नीट कळावं म्हणून प्रत्येक खूण वेगळी करून. "ते बोलतील ते सांग. सगळं सांग. वाईट असलं तरी सांग. तुझं घालू नको. तू माझ्याऐवजी भांडू नको."

मी हो म्हणालो. गळ्याची शपथ घेतली.

आणखी एक भीती आहे. या सोसायटीत मतं कशी घेतात ठाऊक आहे ना? ठराव वाचायचा, "मंजूर?" म्हणायचं, पुढं बसलेले दहा-बारा बाप्ये "मंजूर, मंजूर" ओरडणार, झालं. चहा. तोडणीला गेलेली निम्मी घरं गावात नाहीतच. मागं बायका बसतात. निम्म्या म्हशी त्यांच्याच नावावर, सभासदही त्याच. पण सासरा, दीर पुढं बसलेले असताना सुनेनं आवाज काढायचा नाही. वत्सलाबाईला विचारलं, उद्या अक्काच्या बाजूनं बोलाल का. ती म्हणाली, "आरं लेकरा, मनात लई हाय. पर तोंड कुठून आनू?"

हे पत्र देऊन पाठवायला आज कुणी नाही. तरी लिहून ठेवतोय. झोप येत नाही.

गहिनीनाथ

&nbsp;

शिरूर कासार, सोमवार १८ मार्च

दाजी,

हे आणि परवाचं, दोन्ही एकत्र आसारामजवळ देतोय. आता सगळं सरळ लिहितो. कुठं फाटा फुटला तर सांभाळून घ्या.

मांडव म्हणजे हिरवी जाळी आणि बांबू. पुढं टेबल, विठ्ठलराव, शेजारी तालुक्याच्या सहकार खात्याचे साहेब. भोंगा छावणीचाच. अक्का केंद्रातून थेट आली होती. दर लिहायची पाटी काखेत होती, खडू कमरेला. मी तिच्यासमोर, सभेकडं तोंड करून बसलो आणि हात चालवायला लागलो. दूध कमी झालं, चारा कमी झाला, सरकार असं, पाऊस तसा. जमत होतं.

मग विठ्ठलराव उठला. "आता केंद्राचा इषय. केसरबाई आपली लेकच हाय. काम चांगलं करती, आमचं काय म्हननं न्हाई. पर बाप्याचं घर मोडून आपल्याला डेरी चालवायची न्हाई. तिच्या मालकाचं काय म्हननं हाय, ते मी सांगत न्हाई. तुमीच ऐका."

त्यानं फोन काढून माइकला लावला.

आणि दाजी, भोंग्यातून तुमचा आवाज आला.

"चेअरमन साहेब, त्रिंबक बोलतो. तिला मोकळी करा. हितं मला पोरंसोरं अर्ध्या म्हनत्यात. तिला हिकडं लावून द्या." मागं उसाच्या गाडीचा आवाज होता. शेवटी तुम्ही खोकलात.

मी पहिल्या शब्दाला ओळखलं. तुमचा खोकला मला ओळखू येणार नाही का?

अक्का माझ्या हातांकडं बघत होती. वाईट असलं तरी सांग, म्हणाली होती. माझे हात उचललेच गेले नाहीत. आणि जे करणार नाही म्हणून शपथ घेतली होती ते केलं. उठलो आणि तोंड फाडून ओरडलो, "खोटं हाय! दाजीचा आवाजच न्हाई ह्यो!"

बद्रीनाथ माझ्या अंगावर आला. "तू कोन बे? सभासद हायेस का?"

"तुझ्या मशीनचा गिऱ्हाईक होतो मी!" असलं काहीतरी बोललो. ते काय बोललो, मलाच माहीत नाही. दोघांनी दंडाला धरून मला जाळीच्या बाहेर काढलं.

आत अक्का एकटी, कान नसलेली, आणि आता मीही नाही.

मी जाळीला तोंड लावून उभा राहिलो. आत विठ्ठलराव घाईनं वाचत होता, केसरबाईस मोकळे करून त्या जागी बद्रीनाथ यांस घेणे, मंजूर? पुढून "मंजूर, मंजूर!" साहेब लिहायला लागले. मी म्हणलं, संपलं.

तेवढ्यात अक्का उठली. मधून चालत टेबलापर्यंत गेली. पाटीवरचा सकाळचा दर पदरानं पुसला, खडू काढला आणि टेबलावरच वाकून लिहिलं. साहेबांना दाखवलं. मग वळून पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी हळूहळू फिरली.

पाटीवर होतं, 'मी सभासद आहे. मला ऐकू येत नाही. हात वर करून मत घ्या.'

विठ्ठलराव हसून म्हणाला, "साहेब, झालं की मंजूर. समद्यांनी ऐकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "सगळ्यांनी नाही ऐकलं. या बाई सभासद आहेत ना? त्यांच्यापुरतं मतदान झालेलंच नाही. नंतर तक्रार आली तर मी काय उत्तर देऊ? घ्या हात वर."

बद्रीनाथच्या बाजूनं म्हणल्यावर पुढचे सगळे हात गेले. मी मोजत होतो आणि चुकत होतो.

"विरोधात?"

दाजी, मी डोळे मिटले. मग म्हशी हंबरल्या म्हणून उघडले. सगळ्यात मागं, जाळीला टेकून बसलेल्या छबुबाईचा हात वर होता. विठ्ठलरावाची सख्खी चुलती. पदर नाकापर्यंत ओढलेला, तोंड दिसत नव्हतं, फक्त हात आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिच्या शेजारी वत्सलाबाईचा. मग एकेक. कुणी चकार शब्द काढला नाही. सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही ही रीत खरी. पण हात वर करू नये, अशी रीत कुणी कधी सांगून ठेवलीच नव्हती, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

विठ्ठलराव म्हणाला, "काकू, तुमी?"

तिनं पदर आणखी खाली ओढला. हात मात्र खाली आला नाही.

साहेबांनी दोनदा मोजलं. अक्का केंद्रावर राहिली. थोड्याच मतांनी राहिली, पण राहिली.

मी उड्या मारत आत शिरलो तर अक्का माझ्याकडं बघून हसली नाही. पाटी काखेत मारून घरची वाट धरली. दारात आल्यावर कानावर बिडी ठेवली, म्हणजे तुम्ही, आणि विचारलं, "भोंग्यात काय म्हणाला?"

मी सांगितलं, काही नाही, विठ्ठलरावच काहीतरी बडबडत होता.

तिनं माझी दोन्ही मनगटं धरली, लहानपणी धरायची तशी. मग सोडली आणि म्हणाली, "आवाज आला तेव्हा सगळ्यांच्या माना आधी भोंग्याकडं गेल्या. मग सगळ्या माझ्याकडं वळल्या. चेअरमनचं ऐकून कुणी माझ्याकडं असं बघत नाही. आता सांग."

मग सांगितलं. तुमचा शब्द न् शब्द. 'अर्ध्या'सुद्धा. खोकलासुद्धा.

ती चुलीपाशी जाऊन बसली. रडली असेल, मला पाठ दिसत होती. भाकरी मात्र केल्या, आणि सवयीनं तुमच्यासाठी थापते तशी एक जाड.

दाजी, मला तुमच्यावर संताप आहे, पण एवढं कळतं की अर्ध्या म्हणून घेत दिवसभर मोळ्या वाहणं सोपं नाही. तुम्हाला काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिलाच विचारलं. तिनं सांगितलं ते माझं काही न घालता लिहितो.

म्हैस काल व्याली. रेडी आहे. कपाळाला पांढरा टिपका आहे. होळीला पुरण करणार नाही, गूळ-भाकरी करणार. तोडणी संपली की घरी या. अर्धा कोणी नाही, इथं या आणि बघा. केंद्रावर सकाळी कॅन उचलायला माणूस लागतो, मला एकटीला जड जातात.

आणि तिला एकच विचारायचंय. रविवारी तुम्ही त्या मांडवात असता, तर कोणत्या वेळेला हात वर केला असता?

उत्तर चेअरमनजवळ देऊ नका. आसारामजवळ देऊ नका. माझ्याजवळ तर देऊच नका, मी शब्द मध्येच खातो. संध्याकाळी दिवेलागणीला ती फोन भिंतीला टेकवून बसते. आता काही दिवस मैत्रिणींना नाही म्हणून सांगितलंय. आवाज पाठवू नका, दाजी. तिला तुमचे हात बघायचेत.

गहिनीनाथ